भिंगऱ्याचे दहा दिवस

भिंगऱ्याची शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी सव्वादहाला सुरू झाली आणि दहा पन्नासला संपली. या पस्तीस मिनिटांच्या कामावर आमच्या गल्लीतल्या पुरुषांनी पुढे दहा दिवस चर्चा केली. त्यांच्यापैकी कोणाचेही त्या टेबलावर काहीही गेलेले नव्हते, एवढे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

मी धुळ्याला देवपुरात राहते. कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्त झाले. घरात मी एकटी, आणि गेल्या वर्षापासून भिंगऱ्या: चौदा महिन्यांचा, एकोणीस किलोंचा, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. माझा धाकटा भाऊ प्रेमराज गावाकडे शेती करतो. त्याच्या खळ्यात भिंगऱ्या जन्मला. बहीण एकटी राहते, घर राखायला कोणीतरी हवे, म्हणून त्याने तो मला आणून दिला. स्वतःची शेपटी पकडायला गरागरा फिरायचा, म्हणून हे नाव.

वर्षभरात त्याने घर राखण्यापेक्षा घर ओलांडण्यात अधिक प्रगती केली. कंपाउंडची भिंत साडेपाच फुटांची आहे. जूनमध्ये कुठल्याशा मादीच्या वासामागे तो ती ओलांडून गेला आणि चार दिवसांनी महामार्गाच्या बाजूने मागचा पाय फरफटत परत आला. जुलैमध्ये पुन्हा गेला आणि फाटलेला कान घेऊन आला. तिसऱ्या वेळी तो परत येईल अशी खात्री देणारा कोणताही पुरावा माझ्यापाशी नव्हता. म्हणून मी डॉक्टर सोनलकडे वेळ घेतली. सोनल पशुवैद्य आहे आणि एके काळी माझी विद्यार्थिनी होती. बेडकाचे विच्छेदन करताना वर्गात सर्वांत कमी बोलणारी मुलगी ती.

शुद्ध परतत असलेल्या भिंगऱ्याला रिक्षातून उतरवून घेतले, तेव्हा समोरच्या ओट्यावर जीवराम नाना बसलेले होते. नाना एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि आता गल्लीतली ये-जा तपासतात.

“मॅडम, ऐकलं ते खरं का?”

“काय ऐकलं?”

“भिंगऱ्याचं... ते.” नानांनी शब्दाऐवजी दोन बोटांची कात्री केली.

“खरं आहे. दोन्ही काढली.”

“अरे, अरे, अरे!” नानांनी पाय जवळ ओढून घेतले. “मुका जीव, मॅडम. त्याची मर्दानगी काढून घेतली तुम्ही.”

“ती मर्दानगी त्याला महामार्गावर घेऊन जात होती, नाना.”

“जवान गडी आहे, जाणारच की.”

“तुम्ही छत्तीस वर्षं एसटीत होतात. महामार्गाच्या कडेला म्हातारा कुत्रा किती वेळा पाहिलात?”

नानांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “म्हातारा... नाही पाहिला,” ते म्हणाले, आणि लगेच सावरले. “पण आता बघा तुम्ही. सुस्त पडेल. भुंकणार नाही. चोर आला तर शेपूट हलवेल.”

“शेपूट तो आत्ताही हलवतो. त्यात फरक पडणार नाही.”

दुपारी प्रेमराजचा फोन आला. तो माझ्याशी अहिराणीतच बोलतो. गावापर्यंत बातमी कोणी पोचवली, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

“अक्का, तुनं डोकं ठिकाणवर शे ना?”

“आहे.”

“माले इचारं बी नही! कुत्राले खच्ची करी टाकं?”

“कुत्रा माझा आहे. तूच दिलास.”

“घर राखाले दिधा व्हता. बैल कराले नही!”

मग त्याने निर्णय सांगितला. दहा दिवसांनी पोळा. पोळ्याला मी गावी जातेच; तेव्हा भिंगऱ्याला खळ्यात सोडायचे आणि त्याच्याऐवजी दुसरे, धडधाकट पिल्लू घेऊन यायचे. त्याने ते बघूनही ठेवले होते. खच्ची केलेला कुत्रा घर राखत नाही. असा कुत्रा दारात ठेवून एकट्या बहिणीला शहरात राहू देणे त्याला भाऊ म्हणून मान्य नव्हते.

“मी पोळ्याला येईन,” मी म्हटले. “भिंगऱ्याही येईल. आणि संध्याकाळी आम्ही दोघं परत जाऊ.”

“देखसूत,” प्रेमराज म्हणाला आणि फोन ठेवला.

सोनलने सूचना लिहून दिल्या होत्या. दहा दिवस उडी नाही, जिना नाही, पळणे नाही, टाक्यांना जीभ लावणे नाही. पहिला दिवस भिंगऱ्याने या सर्व सूचना पाळल्या, कारण तो गुंगीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने सूचनांचा कागद खाल्ला.

टाक्यांपर्यंत तोंड पोचू नये म्हणून त्याच्या गळ्यात प्लास्टिकचा शंकू अडकवलेला होता. गल्लीने त्याला ‘भोंगा’ म्हणायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत मीही तोच शब्द वापरू लागले. भोंगा दारांच्या चौकटींवर, बादल्यांवर आणि माझ्या नडगीवर आपटत असे. नडगीवर किती वेळा आपटला, याची मोजणी मी अकरानंतर थांबवली. मी खाट उभी करून भिंतीला टेकवली आणि गादी जमिनीवर घातली, म्हणजे उडी मारून चढावे असे घरात काही उरू नये. कोठीची सहा बाय सातची खोली रिकामी करून त्याला दिली. खोलीबाहेर असेल तेव्हा त्याचा पट्टा माझ्या कमरेला बांधलेला असे. भाकरी थापतानाही.

राहिला प्रश्न त्याच्या अंगातल्या जोराचा. पाय बांधले तर काम नाकाला द्यावे, असे सोनल म्हणाली होती. मी जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे तुकडे लपवू लागले. पंधरा मिनिटे तो हुंगून हुंगून एकेक तुकडा शोधे आणि त्यानंतर झोपे: सरासरी चाळीस मिनिटे. नमुना लहान आहे, पण चाळीस मिनिटे ही चाळीस मिनिटेच असतात.

शुक्रवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मला डोळ्यांच्या तपासणीसाठी जावे लागले. भिंगऱ्या नुकताच टॉवेल उलगडून झोपला होता. मी कोठीच्या दाराला कडी घातली आणि घराची किल्ली नेहमीप्रमाणे नानांकडे ठेवली. परत आले तेव्हा फाटक उघडे होते, कोठी रिकामी होती आणि भोंगा खुंटीला टांगलेला होता.

“भाऊ आलेत तुमचे,” नानांनी ओट्यावरून कळवले. “भिंगऱ्याला चालवायला नेलंय. पांझरेच्या काठानं.”

“किती वेळ झाला?”

“झाले असतील दोन तास. भाऊ म्हणाले, अक्काने याला बसवून बसवून मारला असता.”

मी फाटकात उभी राहिले. दहा मिनिटांनी दोघे कोपऱ्यावर दिसले. प्रेमराज खांद्यावरच्या टॉवेलने घाम पुसत होता आणि भिंगऱ्या त्याला ओढत होता, जीभ बाहेर, कान मागे. तीन दिवसांत तो इतका आनंदी दिसला नव्हता. हेही नोंदवते, कारण ते खरे आहे.

मी त्याला आडवा पाडून पाहिले. टाके जागेवर होते. पण मागची रिकामी पिशवी, जी सकाळी सुरकुतलेली होती, ती आता लिंबाएवढी तट्ट फुगली होती आणि जांभळी पडली होती.

“हाई काय शे?” प्रेमराज वाकून म्हणाला.

“रक्त. आत साचलंय. कशाला नेलंस त्याला?”

“अक्का, तो एकेच जागे बशी जायेल व्हता! असं बशी ऱ्हायनं का रगत साकळस. बैलले चिमटा लाया का आम्ही बसू देतस का त्याले? फिरावनं पडस!”

या वाक्यानंतर मला राग आवरावा लागला, कारण वाक्य चुकीचे नव्हते. गोऱ्ह्याला खच्ची करताना चिमटा लावतात. कातडी कापत नाहीत. बाहेरूनच दाबून आतली नस चिरडतात. मग त्या जनावराला बसू न देता चालवतात, आणि त्याने सूज उतरते. प्रेमराजने चाळीस वर्षे हे पाहिले आणि केले होते. मात्र भिंगऱ्याला चिमटा लावलेला नव्हता. त्याची कातडी चिरून, आतली नस दोऱ्याने बांधून, वरून टाके घातलेले होते. तीन दिवसांच्या त्या गाठीवर दोन तास उड्या पडल्या, तेव्हा रक्त झिरपले आणि रिकाम्या पिशवीत साठत गेले. माझ्या भावाने अगदी बरोबर ज्ञान अगदी चुकीच्या जनावराला लावले होते.

सोनलने तपासले. तिने आवाज वाढवला नाही. बेडकाच्या वेळीही वाढवला नव्हता.

“गार शेक द्या आणि पूर्ण विश्रांती. उद्यापर्यंत सूज वाढतच राहिली किंवा कातडी काळी पडली, तर पुन्हा उघडावं लागेल.”

“उघडानं म्हंजे?” प्रेमराजने विचारले.

“पुन्हा भूल. पुन्हा टाके. आणि ती पिशवीही काढावी लागेल.”

परतीच्या रिक्षात प्रेमराजने भिंगऱ्याला मांडीवर धरून ठेवले. घरी आल्यावर त्याने चपला घालूनच ठेवल्या. “निंघू का मी? पोळा तोंडवर उना. बैलसनं बठ्ठं काम पडेल शे.”

“ते सगळं काम करायला तुझा सालदार हिलाल आहे ना?”

“शे.”

“मग त्याला फोन कर. तू इथे राहशील. मी मोजीन, तू धरशील.”

“किती दिवस?”

“सूज सांगेल.”

त्याने चपला काढल्या.

माझ्याकडे महाविद्यालयापासूनचा व्हर्नियर कॅलिपर आहे. पोलादाची दोन तोंडे आणि सरकती पट्टी. मिलिमीटरचा दहावा भाग मोजता येतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सूज अडतीस मिलिमीटर होती. प्रेमराज भिंगऱ्याला मांडीवर आडवा धरी, मी पातळ कापडात बर्फ गुंडाळून देई, आणि दहा मिनिटे तो ते कापड जखमेजवळ धरून बसे. ज्या हातांनी तो मारक्या बैलाला वेसण घालतो, त्या हातांनी ते कापड तो इतके हलके धरी की मला दोनदा सांगावे लागले, “अरे, टेकव तरी.”

शनिवारी सकाळी सहाला एक्केचाळीस. दुपारी बेचाळीस. प्रेमराजने कॅलिपर माझ्या हातातून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

“बेचाळीस अन् वर दोन रेघा. वाढीच ऱ्हायनं ना?”

“वाढतंय. पण वाढीचा वेग कमी होतोय.”

“ते चांगलं शे का वाईट?”

“एवढ्यावरून सांगता येत नाही.”

“अक्का, तू कधी तरी एखादं चांगलं वाक्य बोलत जाय.”

मी सोनलला फोनवर आकडे आणि कातडीचा रंग सांगितला. काळी नव्हती, जांभळीच होती. ती म्हणाली, उद्या सकाळपर्यंत थांबू या. त्या दिवशी प्रेमराज जेवायला बसला तो कोठीच्या उंबऱ्यावर, ताट मांडीवर घेऊन, कारण आपण उठलो की भिंगऱ्या उठतो, हे त्याला समजले होते.

“बिचारा,” तो भिंगऱ्याकडे बघत म्हणाला. “जनावरनी जिंदगी गई.”

“हौश्याची गेली का?”

“हौश्यानं काय त्यामां?”

हौश्या हा प्रेमराजचा उजवा बैल. पंचक्रोशीत त्याच्यासारखे खांदे दुसऱ्या बैलाला नाहीत, हे मला किमान दोनशे वेळा सांगण्यात आलेले आहे.

“येत्या शुक्रवारी तू हौश्याची शिंगं रंगवशील, झूल घालशील, पुरणपोळी चारशील आणि त्याच्या पायावर डोकं ठेवशील. बरोबर?”

“मंग? पोळा शे.”

“त्याला चिमटा कोणी लावला होता?”

प्रेमराजचा घास हातात राहिला. “ते येगळं शे. तो बैल शे.”

“बैल म्हणजे काय, ते मी अकरावीच्या मुलांना विचारायचे. तुला विचारत नाही. एवढंच सांग: काल तू याला बैलाचं ज्ञान लावलंस, मग बैलाचा मान लावायला काय अडतं?”

“बैल काम करस, अक्का.”

“हाही करेल. आधी त्याला बसू दे.”

त्याने घास तोंडात घातला. पण त्यानंतरचा बर्फ वितळायच्या आधीच त्याने बदलला.

रविवारी सकाळचा आकडा बेचाळीस होता, म्हणजे आदल्या दुपारपेक्षा दोन रेघा कमी. प्रेमराजने तो तीन वेळा मोजला. संध्याकाळी एकोणचाळीस. सोमवारी सकाळी तेहतीस. सोनलने पाहिले आणि म्हणाली, आता उघडायची गरज नाही. रक्त आतल्या आत जिरते आहे.

सोमवारी दुपारी प्रेमराज गावी निघाला. फाटकात थांबून त्याने भोंग्यात हात घातला आणि भिंगऱ्याचे कान खाजवले. मला वाटले, आता तो आपला निर्णय मागे घेईल.

“पोळाले येशी तव्हय देखसूत,” तो म्हणाला. “पिल्लू सांगी ठेयेल शे मी.”

म्हणजे सूज उतरली होती, पण तेवढीच.

शुक्रवारी सकाळी सोनलने टाके काढले. जखमेच्या जागी एक फिकट रेघ उरली होती. भोंगा आणखी दोन दिवस राहू द्यावा आणि उडी आणखी दोन दिवस नको, असे तिने सांगितले; या वेळी मी कागद मागितला नाही. ओळखीच्या रिक्षाने आम्ही गावी पोचलो तेव्हा उन्हे उतरायला लागली होती.

आमच्या गावी पोळ्याचे बैल मारुतीच्या देवळासमोर रांगेने उभे करतात. पुरुष कासरे धरून उभे राहतात. बायका घरोघरी दारात ताट घेऊन थांबतात, कारण बैल मिरवून आल्यावर त्यांना ओवाळायचे असते. म्हणजे माझी जागा प्रेमराजच्या दारात होती. मी भिंगऱ्याचा पट्टा कमरेला बांधला आणि देवळाकडे चालत गेले.

आधी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. चौतीस बैल होते. रंगवलेली शिंगे, कपाळाला बाशिंगे, अंगावर गेरूचे ठिपके, गळ्यात घुंगरमाळा. प्रत्येकाला मागून नीट पाहिले. हौश्याजवळ थांबले. प्रेमराज नवा कासरा धरून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, भोंग्याकडे पाहिले आणि मग जमिनीकडे.

रांगेच्या अग्रभागी उखर्डू आबा होते. गावात मानाची पहिली जोडी त्यांची, आणि बोलण्याचा पहिला मानही त्यांचाच.

“ओ मास्तरीनबाई!” आबा ओरडले. “भोंगा लाईसन कोठे चालनी? कुत्रानं लगीन शे का?”

रांग हसली.

“लगीन कसानं, आबा?” मागून कोणीतरी भर घातली. “बाईनी कापी टाकं त्याले!”

या वेळी हसणे अधिक वेळ चालले. मी प्रेमराजकडे पाहिले. तीन दिवस त्याने मांडीवर बर्फ धरला होता. बोलायचे असेल तर हीच वेळ होती. मी त्याला पाच सेकंद दिले. त्याने ते वापरले नाहीत.

मग मीच बोलले, आणि कोणाचाही गैरसमज होऊ नये म्हणून अहिराणीत बोलले.

“आबा, या रांगमां चौतीस बैल शेतस. मी बठ्ठा देखी उनू. खच्ची न करेल एक बी नही. आठे न कापेल फक्त तुम्हीच शेतस. अन् आज पूजा तुमनी नही.”

मग हसू फुटले, पण ते रांगेतून आले नाही. देवळाशेजारच्या घरांच्या दारांत ताटे घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या बाजूने आले, आणि एकीचे हसू थांबायच्या आत दुसरीचे सुरू झाले.

उखर्डू आबांनी मिशी सारखी केली. “मास्तरीन, तुना तोंडले वेसन नही.”

“घालून पाहिली होती, आबा. टिकली नाही.”

तेव्हा प्रेमराज हलला. त्याने हौश्याचा कासरा आखडला आणि बैलाला एक पाऊल डावीकडे घेतले. हौश्या आणि शेजारच्या बैलाच्या मध्ये जागा झाली. मोठी नव्हती, एक कुत्रा आणि त्याचा भोंगा मावेल एवढीच होती.

“आठे उभी ऱ्हा,” तो मला म्हणाला, माझ्याकडे न बघता. “तठे गर्दी शे. त्याले धक्का लागी.”

“प्रेमराज, बैलमां कुत्रं?” आबा म्हणाले.

“टाका आजच काढेल शेतस, आबा,” प्रेमराज म्हणाला. “दोन दिन त्याले जपनं पडस. पळावाना नही.”

मग त्याने वाटीतल्या गेरूत बोट बुडवले आणि ते भिंगऱ्याच्या कपाळाकडे नेले.

“अंगाला नको,” मी म्हटले. “त्यात काय मिसळलंय माहीत नाही. चाटेल.”

“तुनी बी कमाल शे, अक्का,” तो म्हणाला आणि गेरूचा ठिपका भोंग्यावर ठेवला.

तोरण तुटले, डफ वाजले, चौतीस बैल एकदम सुटले. भिंगऱ्याने चारही पाय जमिनीत रोवले आणि तो भुंकू लागला. भोंगा मोठ्या बाजूने उघडा असतो. आवाजाचे काय होते, हे सांगायला वेगळ्या शास्त्राची गरज नाही. पुढच्या दोन जोड्या बिचकून बाजूला झाल्या. उखर्डू आबांची त्यांत होती. एका निरीक्षणावरून सिद्धांत मांडू नये, हे मी एकतीस वर्षे शिकवले आहे. त्या दिवशी मी तो मोह फार थोडा आवरला.

संध्याकाळी रिक्षा प्रेमराजच्या दाराशी आली तेव्हा पिल्लाचा विषय निघाला नाही. प्रेमराजने पुरणपोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि भिंगऱ्याला स्वतः उचलून, पोटाखाली हात घालून, सीटवर ठेवले, कारण रिक्षात चढणे म्हणजे उडीच.

“घर जाईसन मोज,” तो म्हणाला. “अन् आकडा सांग माले.”

देवपुरात दिवे लागले होते आणि नाना अजून ओट्यावर होते.

“परत आणला का, मॅडम?”

“आणला.”

भिंगऱ्याने भोंगा नानांच्या दिशेने वळवला आणि एकदाच भुंकला. नानांनी पाय जवळ ओढून घेतले.